मिस्त्रीकाकांसोबत केरळ आणि ऑरोविल: कमी सिमेंटच्या घरासाठी केलेली आठ दिवसांची भटकंती

पहिला आणि दुसरा दिवस: रत्नागिरी ते तिरुवनंतपुरम

दिवाळी झाली की आमच्याकडे बांधकामाचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात अडकलेले पाये उकरायचे, चिऱ्याच्या, म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाच्या, गाड्या सांगायच्या, गवंडी धरून ठेवायचे. यंदा त्याआधीचा एक आठवडा मी हट्टाने मोकळा काढला आणि मिस्त्रीकाकांना म्हटलं, "काका, माझ्याबरोबर केरळला चला." वडिलांबरोबर त्यांनी तीस वर्षं काम केलंय, आता माझ्याबरोबर करतात. कोल्हापूरच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. दोन दिवस विचार करून म्हणाले, "येतो बाय. पन माजी थापी घेऊन येनार."

निमित्त होतं देवरुखकडच्या एका घराचं. निवृत्त शिक्षक नवरा-बायको जुनं कौलारू घर उतरवून नवं बांधणार आहेत. त्यांची अट साधी: सिमेंट शक्य तितकं टाळा, पण घर नातवंडांपर्यंत टिकलं पाहिजे. मी पटकन म्हणून गेले होते, "चिऱ्याचं बांधू, चिरा आपल्याच मातीतला." मग एकदा ज्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, आमचा चिरा येतो, तिथे जाऊन उभी राहिले. श्रावणात फुलांनी भरून जाणारा तो सडा अर्धा कापून नेला होता, आणि हाकेच्या अंतरावर कातळशिल्पं होती. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. चिरा जवळचा आहे एवढ्यावर तो निर्धोक ठरत नाही, हे त्या दिवशी कळलं. मग कमी चिऱ्यात, कमी सिमेंटमध्ये, आमच्या पावसात टिकेल असं बांधायचं कसं? पुस्तकातून हे वाचलं होतं. हाताने काम करणाऱ्यांकडून ऐकायचं होतं.

नेत्रावती एक्सप्रेसने निघालो. संध्याकाळी रत्नागिरी सोडली, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून खिडकीबाहेर नारळ, भाताची खाचरं आणि तोच आमचा तांबडा दगड. शोरनूरच्या आसपास काकांना सांगितलं, की इथून निलांबूरला जो फाटा जातो त्यावर अंगडिपुरम नावाचं गाव आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन या सर्वेक्षकाने 1800 च्या सुमारास तिथला जांभा पाहिला, लोक तो कापून विटांसारखा वापरतात हे पाहिलं, आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. खाणीत असताना मऊ, हवा लागली की कडक होणारा. काका म्हणाले, "म्हंजे आपला चिरा सायबानं हतं बगून वीट म्हटलान." अगदी तेवढंच.

तिरुवनंतपुरमला उतरलो तेव्हा अंधार पडत होता. स्टेशनाजवळच तंपानूरचं इंडियन कॉफी हाउस आहे, वास्तुकार लॉरी बेकर यांनी बांधलेलं. बॅगा घेऊनच आत शिरलो. जिना नाहीच. गोल फिरत चढत जाणारा उतार आणि बाहेरच्या भिंतीला लागून ओळीने बसायच्या जागा. प्रत्येक टेबलाशी भिंतीत झरोके, त्यातून वारा आणि रस्त्याचा आवाज. मसाला डोशात बटाट्याबरोबर बीट निघालं, लालभडक. काकांचं लक्ष डोशात नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि वाकून पाण्याची रेघ बघितली. "जमीन उतरती, आनि टेबल पान्यासारखं सपाट." मग ते एकटेच वरपर्यंत चालत गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. पगडीवाल्या वेटरला आमच्यासारखे लोक बहुधा नवीन नव्हते, तो हसून बाजूला सरला.

(सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते आणि उजेड झरोक्यांतून तिरपा आत येतो. इमारत बघायची ती वेळ.)

तिसरा दिवस: पोकळ भिंत

बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे, जन्म 1917 चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परतीच्या बोटीची वाट बघत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. पिथोरागढच्या डोंगरात अनेक वर्षं काढून ते केरळात आले, भारताचे नागरिक झाले, आणि 2007 मध्ये तिरुवनंतपुरमलाच वारले. 1985 मध्ये माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी उभी केलेली कॉस्टफोर्ड ही संस्था आजही घरं बांधते. त्यांच्याशी आधी मेलवर बोलणं झालं होतं. त्यांनी शहराबाहेरच्या एका चालू कामावर पाठवलं.

तिथे पहिल्यांदा रॅट-ट्रॅप बाँड बांधताना पाहिला. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा आडव्या निजवतात. इथे विटा कडेवर उभ्या. दोन उभ्या विटांच्या मध्ये तीन इंचांची पोकळी, मग एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू बांधायच्या. भिंत नऊ इंचांचीच, पण सुमारे पाव भाग विटा वाचतात, चुना-सिमेंटही कमी लागतं, आणि पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही. विजेच्या नळ्या त्याच पोकळीतून नेतात, त्यामुळे नंतर भिंत फोडायला नको. पायालगतचा थर, खिडकीखालचा आणि वरचा थर तेवढा भरीव.

हे सगळं मी काकांना वर्षभर कागदावर काढून दाखवत होते. त्यांचा एकच प्रश्न असायचा: "माल पोकळीत पडनार त्याचं काय?" खरंच, पोकळी मालाने भरली तर सगळा खटाटोप वाया. तिथल्या गवंड्याकडे त्याचं उत्तर होतं: तीन इंच रुंदीची लाकडी पट्टी. ती पोकळीवर आडवी ठेवायची, दोन्ही कडांना माल पसरायचा, पट्टी उचलायची, वीट ठेवायची. एवढंच. काकांनी पिशवीतून थापी काढली. तो गवंडी मल्याळीत बोलत होता, काका आमच्या बोलीत, आणि तासाभरात दोघांनी मिळून चार थर चढवले. काकांच्या पहिल्या थराला त्याने दोरी लावून दाखवली, तिसऱ्याला लावली नाही.

दुपारी साइटवरच जेवलो. कप्पा, म्हणजे उकडलेलं टॅपिओका, आणि माशाची लाल आमटी. आंबटपणा ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर त्यात कुडमपुळी होती, आपल्या कोकमाची जवळची नातलग. काकांनी बोटाने उचलून चाखली. "सोलंच ही, धुरी दिलेली." बरोबर होतं. तिथे ती धुरावर वाळवतात.

संध्याकाळी उल्लूरचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बघितलं. 1970 च्या दशकात बेकर यांनी बांधलेला हा परिसर. भिंती झाडांना वळसा घालून जातात, झाड तोडलेलं नाही. विटांच्या जाळ्यांमधून उजेड जमिनीवर नक्षीसारखा पडतो आणि दुपारीसुद्धा आत पंख्याची आठवण होत नाही. ही चालती संशोधन संस्था आहे, पर्यटनस्थळ नाही. आधी मेल करून परवानगी घ्या, वर्गांच्या खिडक्यांशी फोटो काढत उभे राहू नका.

चौथा दिवस: ओल धरलेली भिंत, उतरवलेली कौलं

आज एका घरमालकांनी त्यांचं दहा-बारा वर्षांचं घर दाखवलं. कोणी बांधलं ते लिहीत नाही, कारण मुद्दा वेगळा आहे. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल होती. उघड्या विटांची भिंत, वर पाखं जेमतेम एक फूट बाहेर, आणि विटा नीट भाजलेल्या नाहीत. पावसाचा तिरपा मारा सरळ भिंतीवर. शेवटी त्यांनी त्या बाजूला गिलावा करून घेतला. मालक मोकळेपणाने म्हणाले, की बाकी तीन भिंतींनी कधी त्रास दिला नाही, चौथीवर छप्पर पुढे काढायला हवं होतं.

मला या भेटीने सगळ्यात जास्त दिलं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो समुद्राकडून आडवा येतो. जुन्या कोकणी घरांची वळचण उगाच लांब नव्हती. हल्ली पाखं आखूड करून वर स्लॅब ओततात, मग स्लॅब गळतो, मग स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. म्हणजे एका घराला दोन छपरं आणि दोन्हींचा खर्च.

त्याच घरात फिलर स्लॅब होता, छताला खालून मंगलोरी कौलं दिसत होती. मिस्त्री लोकांसाठी थोडक्यात: स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो आणि ताण सळई घेते, काँक्रीट नाही. मग तिथलं काँक्रीट कमी करून सळयांच्या चौकटीत कौलांच्या जोड्या बसवायच्या. स्लॅब हलका, सिमेंट कमी, कौलांमधल्या हवेमुळे घर थंड. सळईचं गणित मात्र अभियंत्याकडूनच करून घ्या, अंदाजाने अंतर ठेवू नका. काका वर मान करून बराच वेळ बघत राहिले. "बाय, मास्तरांच्या घराची कौलं उतरवनार ना आपन? ती कुठं टाकनार होतीस?" मी खरोखर विचार केला नव्हता. आमच्याकडे उतरवलेली कौलं रस्त्याचे खड्डे भरायला जातात. देवरुखच्या घराच्या अंदाजपत्रकात त्या क्षणी एक ओळ बदलली.

दुपारी विळप्पिलशाला इथल्या लॉरी बेकर सेंटरला गेलो. मातीच्या भिंती, बांबूची छपरं, शिकायला आलेली मुलं. बांबू टिकवायला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे भुंगा लागत नाही. जेवणाबरोबर कोमट गुलाबी पाणी मिळालं, पतिमुखमच्या लाकडाचं. काकांनी दोनदा वास घेतला, मग तीन पेले प्यायले. रात्रीच्या गाडीने तमिळनाडूतलं विल्लुपुरम गाठलं, तिथून पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलला जायचं होतं. (वेळ हाताशी असेल तर मध्ये पद्मनाभपुरमचा राजवाडा नक्की करा. चुन्याची काळी, आरशासारखी जमीन आणि लाकडी जाळ्या तिथे बघाव्यात. सोमवारी बंद असतो. आमचा नेमका तोच दिवस होता, म्हणून राहिला.)

पाचवा दिवस: मातीचा हिशेब

ऑरोविलची जमीन बघून काका हसले, "हतं पन तांबडी माती." 1968 मध्ये हे गाव वसलं तेव्हा हे उघडं, झिजलेलं माळरान होतं. आज गर्द झाडी आहे. ऑरोशिल्पममध्ये ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट आहे, 1989 पासून मातीच्या दाबलेल्या ठोकळ्यांवर काम करणारं.

ठोकळ्याची रीत अशी. वरची काळी, कुजलेली माती बाजूला काढायची, ती बागेला. खालची माती चाळायची, त्यात साधारण 5 टक्के सिमेंट, थोडं पाणी, आणि ऑरम नावाच्या हाताने चालणाऱ्या यंत्रात दाबायची. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही. ठोकळे आधी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायचे, मग 28 दिवस पाणी. सिमेंटबरोबर वापरायला चांगली माती म्हणजे साधारण 15 टक्के खडी, 50 टक्के वाळू, 15 टक्के पोयटा आणि 20 टक्के चिकणमाती. जिथून माती काढली तो खड्डा बुजवत नाहीत. तिथे पावसाच्या पाण्याचं टाकं किंवा तळघर होतं.

माती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, हे इथे पुन्हा शिकले. मातीचा वास घ्यायचा, ओली करून गोळा करायचा, वळी करून तुटते का बघायचं, दातांत कण कुरकुरतो का बघायचं. शिकवणारी मुलगी हे सांगत असताना काकांनी माती आधीच तोंडात टाकली होती. ते आयुष्यभर हेच करत आलेत, फक्त कोणी त्याला परीक्षा म्हटलं नव्हतं.

माझ्या मनातला प्रश्न भूकंपाचा होता. आपल्या डोक्यावर कोयना आहे, 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते. त्यांनी पोकळ, एकमेकांत अडकणारे ठोकळे दाखवले. त्यांच्या भोकांतून कोपऱ्यांवर उभ्या सळया जातात, आणि जोत्याला, खिडकीच्या पातळीला, छताखाली आडवे काँक्रीटचे पट्टे सगळं घर कमरपट्ट्यासारखं आवळून धरतात. मातीचे ठोकळे म्हटल्यावर बँकेचा माणूस भुवया उंचावतो, त्याच्यासाठी एक उपयोगी गोष्ट: या ठोकळ्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 1725. अंदाजपत्रकात ते ठळक लिहा.

सहावा दिवस: पाऊस, आणि एक चहा

नोव्हेंबरात या किनाऱ्यावर पाऊस असतो हे माहीत होतं, इतका असेल असं वाटलं नव्हतं. पहाटेपासून मुसळधार. आमचा बाहेरचा सगळा बेत गेला आणि त्यामुळेच भिंती पावसात कशा वागतात ते बघता आलं. ज्या भिंतींना चांगलं छप्पर आणि दगडी जोतं, त्या कोरड्या होत्या. एका अंगणातल्या, माथ्यावर टोपी नसलेल्या भिंतीचे वरचे ठोकळे कडांना झिजले होते, आणि पागोळ्या जिथे पडत तिथे तळाशी चिखलाचे शिंतोडे गुडघाभर चढले होते. मी छत्री धरून मोजलं. आमच्या पावसाला दोन फुटांहून कमी जोतं चालणार नाही, आणि तेवढं जोतं चिऱ्याचंच करायचं. चिरा अख्ख्या घराला न वापरता फक्त पाण्याशी झुंजायच्या जागी वापरायचा, हा निर्णय त्या छत्रीखाली झाला.

दुपारी शेडमध्ये कमानदार छप्पर बांधणं चालू होतं, सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून फळ्या-टेकू न लावता. नाईलच्या काठच्या न्यूबिया भागातली ही जुनी रीत आहे, गेल्या शतकात इजिप्तचे वास्तुकार हसन फाथी यांनी ती पुन्हा जिवंत केली. ठोकळ्याला अगदी पातळ, चिकट मातीचा लेप, आणि तो तिरपा टेकवून आधीच्या कमानीला चिकटवायचा. हात सोडला की तो पडायला हवा, पण पडत नाही. काका पुढे झाले. तमिळ गवंड्याने लेपाचा जाडपणा अंगठ्याने दाखवला. काकांचा पहिला ठोकळा घसरला. त्याने त्यांचा हात धरून ठोकळा एकदा पुढे-मागे घासला, बसवला, आणि दोघांनी हात काढले. राहिला. नंतर काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

संध्याकाळी पाऊस थांबेना, म्हणून शिकायला आलेले सगळे एका ओसरीत जमले. चहा आणि गरम भजी. नाशिकची एक वास्तुविशारद, धारवाडकडचं कंत्राटदार जोडपं, कोइंबतूरजवळ ठोकळे बनवून विकणारा एक जण, आणि 2015 च्या भूकंपानंतर गावातली घरं पुन्हा उभी करणारा नेपाळचा तरुण. सुरुवातीला सगळे आपापली चित्रं दाखवत होते. मग कोणीतरी विचारलं, हे काका कोण? गवंडी, म्हटल्यावर ओसरीत एकदम शांतता झाली. आमच्यापैकी दुसऱ्या कोणीही आपला गवंडी आणला नव्हता.

पुढचे दोन तास सगळे प्रश्न काकांना आले, मी भाषांतर करत राहिले. रॅट-ट्रॅप शिकायला गवंड्याला किती दिवस? "धा दिस. पन त्या धा दिसांची हजेरी पुरी द्यायला लागंल." ब्रासच्या दराने, म्हणजे रोजाऐवजी मोजमापावर, काम दिलं तर? "मग तो घाई करनार, पोकळी मालानं भरनार. तुमी वरून बगितलंत तरी कळनार नाय." धारवाडच्या माणसाने मान हलवली. त्याचं पहिलं काम नेमकं असंच बिघडलं होतं. कोइंबतूरवाल्याने हिशेब मांडला, की अशा घरात सिमेंट-लोखंडाचा खर्च घटतो आणि मजुरीचा वाढतो, तेव्हा मालकाला आधीच सांगा की एकूण आकडा फार खाली येणार नाही, पैसे फक्त कारखान्याऐवजी गावातल्या हातांकडे जातील. मी हे मास्तरांना याच शब्दांत सांगणार आहे.

कोणाच्या कार्डाची देवाणघेवाण झाली नाही, वहीत नंबर लिहून घेतले. त्यातून जे ठरलं ते असं: नाशिकची मैत्रीण आणि मी मिळून ठोकळ्यांचं एक यंत्र भाड्याने आणणार, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. नेपाळच्या तरुणाने काकांची थापी हातात घेऊन बघितली आणि तिचा फोटो काढला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अर्थ इन्स्टिट्यूटचे अभ्यासवर्ग आधीपासून भरतात, निदान काही महिने आधी नाव नोंदवा. नुसती भेट द्यायची असेल तरी कळवून जा. आणि तुमचा गवंडी सोबत न्या. त्याची हजेरी, तिकीट, जेवण सगळं तुमच्या खर्चात धरा. मी धरलं, आणि या प्रवासातला तो सगळ्यात योग्य खर्च होता.

सातवा, आठवा दिवस आणि नंतर

निघायच्या सकाळी ऑरोविलचं अभ्यागत केंद्र पाहिलं. मातीच्या ठोकळ्यांच्या कमानी आणि घुमट, 1992 मध्ये हसन फाथी पुरस्कार मिळालेली इमारत. रात्रभरच्या पावसानंतर तिचं अंगण धुऊन निघालं होतं. काकांनी कमानीच्या पायथ्याशी तळवा लावला. "कोरडी हाय."

परतीचा प्रवास लांबला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही चार काचेच्या बरण्या भरल्या. एकीत मास्तरांच्या परड्यातली माती, दुसरीत ओढ्याकाठची, तिसरीत विहिरीतून निघालेली, आणि चौथीत चिरेखाणीत कापताना पडलेला, कोणी नेत नाही असा तांबडा भुसा. पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवून दिलं, म्हणजे वाळू आणि चिकणमाती वेगवेगळ्या थरांत बसते आणि मोजता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांचा फोन आला. ते मास्तरांच्या ओसरीत बरण्यांसमोरच बसले होते.

"बाय, चौथ्या बरणीत वाळू खाली बसलीय, निम्म्याला आलीय. वर चिकनमाती बोटभर. पट्टी घेऊन लवकर ये, मी हलवत नाय."